ओझे कोणाचे, रस्ता कोणाचा?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. हा शाळकरी हिशेब पुढे नेला तर दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसत्या पाण्याचेच दहा टन ओझे, आणि गाडीचे वजन धरून सोळा टनांच्या घरात जाणारे वाहन. पुण्याच्या भोवती गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिलेल्या वसाहतींतून असे टँकर उन्हाळ्यात दिवसभर ये-जा करीत असतात. ज्या रस्त्यांवरून ते जातात ते रस्ते दुचाक्या, मोटारी, शाळेची बस आणि भाजीचा टेम्पो एवढेच मनात धरून बांधलेले असतात. शेजारी एखादी इमारत उठत असेल तर काँक्रीटचे मिक्सरही त्याच रस्त्याने येतात. सहा घनमीटर काँक्रीट वाहणारा मिक्सर साडेचौदा टन माल आणि स्वतःचा देह मिळून पंचवीस टनांच्या आसपास जातो. वाळू, खडी आणि राडारोडा वाहणारे डंपर याखेरीज वेगळेच. रस्त्याच्या तोंडाशी मात्र एवढ्या ओझ्याविषयी काही सांगणारी पाटी सहसा नसते.

निवासी रस्त्यांवरून जड मालवाहनांनी जावे की न जावे, हा वाद एरवी ठरावीक वळणाने जातो. रहिवासी धूळ, आवाज आणि अपघाताच्या भीतीविषयी तक्रार करतात. वाहतूकदार म्हणतात की माल घरापर्यंत हवा असेल तर गाडीही घरापर्यंत येणारच. पोलीस सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी लावतात आणि वाद तात्पुरता मिटतो. वस्तुतः या वादाच्या मुळाशी एक आर्थिक प्रश्न आहे. जड वाहनामुळे होणारा खर्च नेमका कोणाच्या माथी पडतो, आणि तो तसाच पडावा असे ठरवले तरी कोणी? वजनाची मर्यादा हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ती रहिवाशांवर केलेली मेहेरबानी नव्हे, किंवा व्यापारावर घातलेली कुऱ्हाडही नव्हे.

रस्त्याचे गणित

रस्ता झिजतो तो वाहनाच्या एकूण वजनाने नव्हे, तर एकेका आसावरून, म्हणजे वाहतूकदार ज्याला अ‍ॅक्सल म्हणतात त्यावरून, जमिनीवर येणाऱ्या भाराने. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात यासंबंधी एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या फेऱ्यांवर निरनिराळ्या वजनांच्या मालमोटारी अहोरात्र फिरविण्यात आल्या आणि रस्ता कसा खचतो, कुठे फुटतो याची मापे घेण्यात आली. त्यातून जो निष्कर्ष निघाला तो रस्ताबांधणीच्या शास्त्रात आजही आधारभूत मानला जातो. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळापट होते. झीज ही भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा नियम काटेकोर नव्हे, रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे तो थोडा इकडेतिकडे होतो. पण त्याची दिशा निर्विवाद आहे.

या नियमाचा अर्थ आकड्यांत पाहण्यासारखा आहे. साध्या मोटारीच्या एका आसावर अर्ध्या टनाच्या आसपास भार असतो. दोन आसांच्या भरलेल्या मालमोटारीच्या मागच्या, चार चाकांच्या आसावर भारतात दीर्घकाळ १०.२ टनांची मर्यादा होती. भार वीसपट आहे. झीज मात्र दीड लाखपटीहून अधिक. म्हणजे वसाहतीतील सर्व मोटारी वर्षभर जाऊन-येऊन रस्त्याचे जे बिघडवणार नाहीत, ते काही थोडे टँकर आठवड्याभरात बिघडवू शकतात. रस्त्यावर खड्डे पडले की रहिवासी कंत्राटदाराला दोष देतात. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु प्रामाणिकपणे बांधलेला रस्तासुद्धा ज्या भारासाठी बांधला, त्याच भारापुरता प्रामाणिक राहू शकतो.

आता सरकारी निर्णयाकडे वळावे. भारतीय रस्ते महासभेने रस्त्यांच्या रचनेसाठी जो प्रमाण भार मानला आहे तो ८.१६ टनांचा, म्हणजे १०.२ टनांची जुनी मर्यादासुद्धा या प्रमाणाच्या वरचीच होती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती ११.५ टनांवर नेली आणि जोडआसाची मर्यादा १९ टनांवरून २१ टनांवर आली. वाहतुकीचा खर्च घटावा आणि त्याच गाड्यांतून अधिक माल जावा, हे या निर्णयाचे समर्थन होते. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु १०.२ वरून ११.५ म्हणजे भारात पावणेतेरा टक्क्यांची वाढ. चौथ्या घाताच्या नियमाने झिजेत मात्र साठ टक्क्यांहून अधिक वाढ. महामार्गांची बांधणी असा भार डोळ्यांसमोर ठेवून करता येते. पण महामार्गावरून उतरलेली गाडी अखेर कोणत्या ना कोणत्या वस्तीतच जाते, आणि तेथील रस्ता त्या अधिसूचनेने एक इंचही जाड झालेला नसतो.

निवासी रस्त्याखाली आणखीही एक जग असते. पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याची गटारे, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा हे सारे तेथेच हात-दोन हात खोलीवर पसरलेले असते. चेंबरचे झाकण दबले, नळीचा सांधा हलला, त्यातून पाणी झिरपू लागले, की माती वाहून जाते आणि वरचा रस्ता पोकळीवर तरंगू लागतो. २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचीच एक मालमोटार पाहता पाहता जमिनीत गडप झाली. त्या जागी पूर्वी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. चालक बचावला, हे सुदैव. जुन्या शहराच्या पोटात अशा किती विहिरी आणि हौद बुजविलेले आहेत, हे वरच्या डांबरावरून ओळखता येत नाही.

ब्रास आणि टन

कायदा वजन टनांत मोजतो. बांधकामाचा बाजार मात्र वाळू आणि खडी ब्रासमध्ये विकतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे आकारमान झाले, वजन नव्हे. कोरड्या वाळूचा एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. पाण्याने चिंब झालेली वाळू असेल तर तोच ब्रास पाच टनांच्या पुढे जातो. विकणारा, घेणारा आणि वाहणारा या तिघांचाही व्यवहार ब्रासवर होत असल्यामुळे वजनकाट्यावर जाण्याची गरज त्यांपैकी कोणालाही वाटत नाही. वजनाचा हिशेब फक्त रस्ता ठेवतो.

ज्या डंपरात कायद्याने चार ब्रासपेक्षा अधिक माल भरता येत नाही, त्याच्या कडेला फळ्या चढवून पाचवा ब्रास भरला, असे समजा. खेपेचे डिझेल थोडेसेच वाढते, चालकाची मजुरी तीच राहते, आणि विक्री पंचवीस टक्क्यांनी वाढते. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर जोडआसावरचा भार २१ टनांवरून २५ टनांपर्यंत जातो आणि झीज जवळजवळ दुप्पट होते. एका बाजूला पाव हिश्शाचा फायदा, दुसऱ्या बाजूला दुपटीचा तोटा. फायदा होतो एकाला आणि तोटा सोसतो दुसरा. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील अंतराची जी मीमांसा केली, तिचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

पिगूंच्याही दीडशे वर्षे आधी अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ च्या ग्रंथात रस्त्यांच्या पथकराचा विचार केला होता. गाडीने वजनाच्या प्रमाणात कर दिला म्हणजे ती जेवढी झीज करते तेवढीच भरपाई होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तत्त्व म्हणून ते आजही खरे आहे. परंतु चौथ्या घाताचा नियम स्मिथ यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वजनाच्या नुसत्या प्रमाणात कर घेतला तरी जड गाडी आपल्या झिजेच्या मानाने फारच थोडे भरते आणि उरलेला बोजा हलक्या गाडीवाल्याच्या, किंवा ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्या माथी जातो. करातून हे अंतर भरून काढणे जेथे शक्य नसते, तेथे मर्यादा घालणे हाच मार्ग उरतो.

निवासी रस्त्यांच्या बाबतीत हे अंतर आणखी एका कारणाने रुंदावते. आसांची मर्यादा केंद्र सरकार ठरवते. वाहनकर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो, डिझेलवरचा कर केंद्र आणि राज्य यांच्यात विभागला जातो. खड्डे मात्र महापालिका किंवा नगरपालिका बुजवते, तेही बव्हंशी रहिवाशांच्या मालमत्ता करातून. परवानगी देणारा एक, कर घेणारा दुसरा आणि दुरुस्ती करणारा तिसरा अशी ही रचना आहे. पहिल्याने मर्यादा वाढविली तर तिसऱ्याचा खर्च वाढतो. पण निर्णयाच्या वेळी तिसऱ्याला कोणी विचारत नाही. मास्तर, कारकून आणि निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा हे सारे अशा रीतीने वाळूच्या पाचव्या ब्राससाठी वर्गणी देत असतात.

कायद्यात काय आहे

कायदा दुबळा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम नोंदणीपत्रात लिहिलेल्या वजनापेक्षा अधिक वजनाची गाडी चालविण्यास मनाई करते. चालक हा मालक नसेल तर ती मालकाच्या माहितीने वा आज्ञेने चालविली जात होती, असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला देते. ११४ व्या कलमाने गाडी काट्यावर नेऊन जादा माल उतरवून घेण्याचा अधिकार दिला आहे. ११५ वे कलम तर प्रस्तुत प्रश्नासाठीच लिहिल्यासारखे आहे. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट प्रकारच्या वाहनांना बंदी वा मर्यादा घालण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला आणि सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यातील जादा वजनाचा दंडही वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये असा कडक केला.

एवढे असूनही मर्यादा पाळली जात नाही, याची कारणे दोन आहेत. पहिले कारण संभाव्यतेचे. पाच टन जादा माल नेणाऱ्याला या कायद्याप्रमाणे तीस हजारांचा दंड बसेल. परंतु शंभर खेपांत एकदाच पकडले जाण्याची शक्यता असेल तर प्रत्येक खेपेमागे त्याच्या लेखी दंडाची किंमत तीनशे रुपये होते. पाचव्या ब्रासचे मोल त्याहून कितीतरी अधिक असते. दंड किती मोठा यापेक्षा तो किती वेळा बसतो, यावर माणसाचे वर्तन अवलंबून असते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जादा वजन हा गुन्हा न मानता उत्पन्नाचे साधन मानण्याची प्रवृत्ती. काही राज्यांनी एकेकाळी ठरावीक रक्कम आगाऊ भरून घेऊन जादा माल वाहण्याची जणू सवलतच देऊ केली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा कायद्याला धरून नाही असे स्पष्ट केले. दंड भरला म्हणून जादा वजन घेऊन पुढे जाण्याचा हक्क मिळत नाही, आधी माल उतरविला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. हे तत्त्व योग्यच आहे. पण वसाहतीच्या अरुंद रस्त्यात पकडलेल्या डंपरातील वाळू उतरवायची कुठे, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर जागेवर उभ्या असलेल्या शिपायाने शोधायचे असते. म्हणून वजनाची तपासणी वस्तीच्या तोंडाशी नव्हे, माल भरण्याच्या जागी झाली पाहिजे. खाणीच्या, वाळूच्या ठेक्याच्या आणि काँक्रीटच्या कारखान्याच्या दारात काटा असेल तर रस्त्यावर झुंज देण्याची वेळ येत नाही.

वजनाची मर्यादा आणि वेळेची बंदी यांतही गल्लत केली जाते. दिवसा प्रवेशबंदी लावली की जड वाहने नाहीशी होत नाहीत, ती रात्री येतात. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवसाची मर्यादा ५५ ची. म्हणजे एक नियम ज्या वेळी अधिक शांतता मागतो, नेमक्या त्याच वेळी दुसरा नियम डंपरांना वस्तीत पाठवतो. सुने रस्ते, दमलेले चालक आणि सकाळपूर्वी अधिकाधिक खेपा मारण्याची घाई हे सारे एकत्र येते ते याच वेळी.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोली येथे मध्यरात्रीनंतर एक डंपर पदपथावर झोपलेल्या माणसांच्या अंगावर गेला. तिघांचा बळी गेला आणि त्यांतील दोन अगदी लहान मुले होती. मजुरीसाठी गाव सोडून आलेली ही कुटुंबे. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी भागात वळणावर काँक्रीटचा मिक्सर उलटला आणि दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुणी त्याखाली सापडल्या. प्रत्येक अपघाताचे तात्कालिक कारण वेगळे असते. चालकाची स्थिती, वेग, वळण यांची चौकशी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. परंतु माणसे जेथे राहतात, झोपतात आणि कॉलेजला जातात तेथे पंचवीस टनांची वाहने सरमिसळ फिरू दिली तर एका माणसाच्या एका चुकीची किंमत किती मोठी होते, हे या दोन घटनांनी दाखविले आहे. हलक्या वाहनाच्या चुकीला थोडीतरी क्षमा असते, जड वाहनाच्या चुकीला ती नसते.

लंडनचा धडा

ब्रिटनमध्ये हा प्रश्न अर्धशतकापूर्वीच ऐरणीवर आला. तेथील जुनी गावे आणि अरुंद पेठा यांतून जड लॉऱ्या जाऊ लागल्या तेव्हा १९७३ मध्ये ह्यू डाइक्स या खासदाराच्या विधेयकातून एक कायदा झाला. कोणत्या रस्त्याने जड वाहनांनी जावे आणि कोणत्या रस्त्याने जाऊ नये, याचा आराखडा करण्याची जबाबदारी त्याने स्थानिक संस्थांवर टाकली. पुढे सर आर्थर आर्मिटेज यांच्या समितीने डिसेंबर १९८० मध्ये अहवाल दिला. अवजड लॉऱ्यांची मर्यादा वाढवावी, असे समितीने सुचविले. परंतु त्याच वेळी लोकांना त्यांच्या उपद्रवापासून संरक्षण द्यावे, असेही बजावले. १९८३ मध्ये ही मर्यादा साडेबत्तीस टनांवरून अडतीस टनांवर गेली, ती पाच आसांच्या गाड्यांसाठी. आस वाढविले म्हणजे एकूण वजन वाढूनही एकेका आसावरचा भार फारसा वाढत नाही, हे त्यामागचे तारतम्य. २००१ मध्ये ही मर्यादा चव्वेचाळीस टन झाली.

याच काळात, १९८५ साली, बृहन्‌लंडन परिषदेने रात्री आणि शनिवार-रविवारी जड लॉऱ्यांवर नियंत्रण आणले. परिषद स्वतः १९८६ मध्ये बरखास्त झाली, पण तिने घालून दिलेली ही व्यवस्था आजही चालू आहे. अठरा टनांवरील वाहनाला रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात आणि शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत ठरवून दिलेल्या मोठ्या रस्त्यांवरूनच जाता येते. एखाद्या गल्लीत माल पोचवायचाच असेल तर परवानगी मिळते. मात्र मोठ्या रस्त्यावरून शक्य तितके जवळ जाऊन तेथूनच आत वळावे लागते, आणि वाटेत आडरस्ता कापण्यासाठी वस्तीतून घुसता येत नाही. नियम मोडला तर दंड चालकाला होतो आणि वाहतूक कंपनीलाही स्वतंत्रपणे होतो, आणि कंपनीचा दंड चालकाच्या कितीतरी पट असतो.

या अनुभवातून तीन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. पहिली, मर्यादेचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. एक पुलासाठी वा कमकुवत रस्त्यासाठी असते, तिला अपवाद नसतो. कारण पूल माल कोणाचा आहे हे विचारत नाही. दुसरी रहिवाशांसाठी असते, आणि तिच्यात त्याच रस्त्यावर माल पोचविणाऱ्याला वाट ठेवलेली असते. साडेसात टनांची अशी पाटी ब्रिटिश वस्त्यांत सर्रास दिसते. दुसरी गोष्ट, आधी जड वाहनांसाठी रस्त्यांचे जाळे ठरले आणि मगच वस्ती बंद झाली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मुख्य रस्त्यावर मर्यादा वाढविण्याचा निर्णय आणि वस्तीत मर्यादा घालण्याचा निर्णय हे तेथे एकाच सौद्याचे दोन भाग मानले गेले. आपल्याकडे २०१८ मध्ये पहिला भाग झाला, दुसऱ्याची चर्चाही झाली नाही.

लंडनच्या व्यवस्थेवर टीका झाली नाही असे नाही. एक अठरा टनांची गाडी अडविली तर तिच्याऐवजी तीन लहान गाड्या येतात, धूर आणि खर्च दोन्ही वाढतात, असे वाहतूकदार सांगत आले आहेत. हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण चौथ्या घाताचा नियम येथेही मदतीला येतो. मोठा भार तीन लहान गाड्यांत वाटला तर रस्त्याची एकूण झीज पुष्कळ कमी होते. वाढलेला वाहतूक खर्च मालाच्या किमतीत दिसतो आणि ज्याला माल हवा त्याच्याकडून वसूल होतो. लपलेला खर्च उघड होणे, हाच तर या उपायाचा हेतू आहे.

रहिवाशांचाही वाटा

मात्र लंडनचा नियम जसाच्या तसा उचलून पुण्याच्या वा ठाण्याच्या वसाहतीत लावता येणार नाही. कारण तेथे वस्तीत शिरणारे जड वाहन बव्हंशी परक्याचे असते, येथे ते पुष्कळदा रहिवाशांनी स्वतःच बोलाविलेले असते. टँकरला अडवणारी पाटी लावली तर दुसऱ्या दिवशी त्याच रहिवाशांचे नळ कोरडे पडतील. नळाच्या पाण्याची हमी नसताना इमारतींना परवानग्या दिल्या गेल्या. ते पाणी आता नळीऐवजी चाकांवरून येते. नळीतून जाणारे पाणी रस्त्याच्या खाली राहते, टँकरमधून जाणारे पाणी रस्त्याला चिरडत जाते. टँकरच्या बिलात रस्त्याचा हा खर्च कोठेही लिहिलेला नसतो. तो जमेस धरला तर जलवाहिनी महाग आहे, हे कारण कितपत टिकेल, हे महापालिकांनी एकदा मांडून पाहावे.

म्हणून वजनाची मर्यादा हे नगररचनेच्या परीक्षेचे माप आहे. जेथे ती लावता येत नाही तेथे काहीतरी आधीच चुकलेले असते. मुंबईतील घाऊक बाजार ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत हलविले गेले, तेव्हा दक्षिण मुंबईच्या चिंचोळ्या रस्त्यांवरचे मालमोटारींचे ओझे कमी करणे शक्य झाले. नुसत्या बंदीने ते झाले नसते. उलट पुण्याचा गुलटेकडीचा मार्केट यार्ड एके काळी गावाच्या कडेला होता. आज शहर त्याच्या चहूबाजूंना पसरले आहे. बाजार हलविणे एकदाच पुरत नाही, त्याच्या भोवतालची जागा राखावी लागते.

करण्यासारख्या गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत. प्रत्येक महापालिकेने आपल्या रस्त्यांची प्रतवारी करून कोणता रस्ता किती भारासाठी बांधला आहे, हे जाहीर करावे. ११५ व्या कलमाखाली निवासी रस्त्यांवर वजनाची मर्यादा अधिसूचित व्हावी. त्याच रस्त्यावर माल पोचविणाऱ्याला ठरलेल्या वाटेने आणि दिवसाच्या ठरलेल्या तासांतच प्रवेश असावा. बांधकामाची परवानगी देतानाच माल कोणत्या वाटेने येईल आणि झालेल्या नुकसानीपोटी किती अनामत ठेवावी लागेल, हे लिहून घ्यावे. वाळू आणि खडीचा व्यवहार ब्रासऐवजी वजनावर करण्याची सक्ती व्हावी, म्हणजे काटा व्यवहारातच येईल आणि पोलिसाला रस्त्यात उभे राहण्याचे कारण उरणार नाही. दंड भरणारा ठरविताना चालकाच्या मागे उभा असलेला मालक आणि माल भरणारा ठेकेदार यांना विसरू नये. सात-आठ ब्रास भरायचे की चार, हा निर्णय महिन्याच्या पगारावर काम करणारा चालक घेत नसतो. आणि वाहनकराचा एक निश्चित हिस्सा, ज्यांच्या रस्त्यांवरून ती वाहने जातात त्या नगरपालिकांकडे वळावा.

यातील प्रत्येक गोष्टीला थोडा खर्च आहे, आणि तो दिसतो. मर्यादा न घालण्यालाही खर्च आहे. तो खड्ड्यांत, फुटलेल्या नळ्यांत, मोडलेल्या झोपेत आणि कधी कधी पदपथावर निजलेल्या मुलांच्या जिवात विखुरलेला असतो. विखुरलेला खर्च अंदाजपत्रकात येत नाही म्हणून तो नाही असे मानणे, ही सार्वजनिक हिशेबातील जुनी खोड आहे. रस्त्याच्या तोंडाशी वजनाचा आकडा लिहिलेली पाटी लागली तर निदान तो हिशेब मांडण्यास सुरुवात झाली, असे म्हणता येईल.